ब्रह्मदेशची आघाडी : ऐकीव आणि खरं

अणुबाँब पडले म्हणून जपानी ब्रह्मदेशातून गेले, असं आपल्याकडे बरेच जण धरून चालतात. तारखा पाहिल्या की ही समजूत गळून पडते. मंडाले २० मार्च १९४५ला पडलं, रंगून मेच्या पहिल्या आठवड्यात हाती आलं. हिरोशिमावरचा बाँब ६ ऑगस्टचा. तोवर ब्रह्मदेशातल्या जपानी सैन्याचा कणा मोडलेला होता.

तो मोडणारं सैन्य ‘इंग्रजांचं’, हेही अर्धंच खरं. सेनापती विल्यम स्लिम इंग्रज, झेंडाही इंग्रजांचाच. पण त्यांच्या चौदाव्या आर्मीत भारतीय आणि गुरखा सैनिकांचीच संख्या सर्वांत मोठी होती. शिवाय पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या डिव्हिजन होत्या. आपल्याकडे मराठा पलटणीचं नाव निघालं की यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव आठवतात. पण या दोघांचे व्हिक्टोरिया क्रॉस इटलीतले. मार्च १९४४मध्ये मणिपूरच्या सांगशाक गावी मराठा लाईट इन्फन्ट्रीची चौथी बटालियन पॅराशूट ब्रिगेडच्या बरोबरीनं लढली आणि कोहिमा-इम्फाळकडे निघालेल्या जपान्यांचे मोलाचे दिवस वाया गेले. ते मात्र फारसं कुणाच्या बोलण्यात येत नाही.

सिंगापूरच्या तोफांची गोष्ट तर दंतकथाच झाली आहे. तोफांची तोंडं समुद्राकडे होती, ती वळवताच येईनात, म्हणून १५ फेब्रुवारी १९४२ला इंग्रजांना जपान्यांपुढे शरणागती पत्करावी लागली, असं सांगतात. प्रत्यक्षात बऱ्याचशा तोफा जमिनीच्या दिशेला वळत होत्या आणि त्या डागल्याही गेल्या. अडचण दारूगोळ्याची होती. साठ्यात मुख्यतः जहाजाचं चिलखत भेदणारे गोळे. ते मऊ जमिनीत खोल घुसायचे. पसरलेल्या पायदळाचं त्यांनी फारसं बिघडत नसे. पण सिंगापूर पडायची खरी कारणं मलायातच घडून गेली होती: विमानं अपुरी, सैन्य अर्धप्रशिक्षित आणि माघारीमागून माघार.

याच पराभवातून सर्वांत चिवट गैरसमज जन्माला आला, की जपानी शिपाई जात्याच जंगलातला. जपानी सैन्य वर्षानुवर्षं लढत होतं ते चीन-मांचुरियात. जंगलयुद्धाची तयारी त्यांनी मोहिमेच्या तोंडावर, घाईनं केली. मलायात त्यांनी वेग घेतला तो सायकलींवरून, इंग्रजांनीच बांधलेल्या उत्तम रस्त्यांवरून!

जंगल दोघांनाही सारखंच मारत होतं. स्लिमच्या हिशेबानं १९४३मध्ये दर एका जखमी शिपायामागे १२० आजारी मागे धाडावे लागत. मलेरियावर मेपॅक्रिनच्या गोळ्या होत्या, पण शिपाई त्या घेईनात. स्लिमनं अचानक रक्ततपासण्या सुरू केल्या आणि ज्या तुकडीत गोळ्या नेमानं घेतल्या जात नव्हत्या तिच्या कमांडिंग ऑफिसरला घरी बसवलं. असे तीनच अधिकारी गेले. बाकीच्यांना इशारा समजला. या गोळ्यांवर कुणी पोवाडा रचणार नाही, हे मान्य.

जपान्यांच्या पिछाडीला घुसून लढणाऱ्या, ब्रिटिश सेनानी विंगेटच्या चिंडिट तुकड्यांची गोष्ट अधिक रंगतदार, म्हणून ती जास्त गाजली. १९४३च्या पहिल्या मोहिमेत सुमारे ३,००० माणसं गेली, त्यांतली सुमारे ८०० परतलीच नाहीत. त्यांनी केलेली रेल्वेची मोडतोड थोड्याच दिवसांत दुरुस्त झाली. गंमत अशी, की याच मोहिमेवरून जपानी सेनापती मुतागुचीच्या मनानं घेतलं : हे डोंगर आणि चिंदविन नदी ओलांडता येत असतील, तर आपणच भारतात का शिरू नये?

तो शिरलाही, मार्च १९४४मध्ये, आझाद हिंद सेनेच्या तुकड्यांसह. शिधा जेमतेम तीन आठवड्यांचा. बैल हाकत न्यायचे आणि पुढे इम्फाळच्या कोठारांवर भागवायचं, असा बेत. बैल नदीत नि घाटांत संपले, कोठारं हाती लागली नाहीत. उलट इम्फाळला वेढ्यात अडकलेल्या स्लिमच्या फौजेला सगळं विमानानं मिळत होतं. आराकानमधली भारतीय पाचवी डिव्हिजन तोफा नि खेचरांसह हवाई मार्गानंच आणली गेली. कोहिमावरचा जपानी सेनापती सातो अखेर हुकूम झुगारून माघारी फिरला, कारण त्याच्या माणसांना खायला उरलं नव्हतं. या मोहिमेत सुमारे ३०,००० जपानी सैनिक मेले. त्यांतले कितीतरी भुकेनं आणि रोगानं, परतीच्या वाटेवर, भर पावसाळ्यात.