बाई सरकते, गोधडी नाही

मूर्तिजापूरहून दर्यापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं एक गाव. चैत्र सरत आलेला, दुपारचे दोन, बाहेर चिटपाखरू नाही. वऱ्हाडात अशा वेळी उन्हाची चौकशी कुणी करत नाही, ते धरूनच चालतात. जुन्या धाब्याच्या घरात, म्हणजे जाड मातीच्या भिंती आणि वर माती चोपून केलेलं सपाट छत असलेल्या घरात, आठ बाया जमल्या होत्या. कापूस वेचून झालेला, पऱ्हाट्या उपटून झालेल्या, पेरणीला अजून अवकाश. गोधडी शिवायचे हेच दिवस. अंगावर घ्यायची वस्तू पार पौषात लागणार, पण शिवायची ती घामाच्या धारा लागलेल्या असताना. आमच्याकडे थंडीची तयारी अशी उन्हात होते.

सारवलेल्या जमिनीवर गोधडी पसरलेली होती आणि तिच्या चारही अंगांना बाया बसल्या होत्या. बराच वेळ पाहिल्यावर एक गोष्ट डोळ्यांत भरली. गोधडी कुणीच आपल्याकडे ओढत नव्हतं. हात पोचेल तिथवर धावदोरा घालायचा आणि मग बसल्या बसल्याच वीतभर पुढं सरकायचं. कडेपासून सुरुवात, मग आतली ओळ, मग आणखी आतली. कापड जागचं हलत नव्हतं, बाया हलत होत्या. गोधडीच्या मध्याशी पोचेपर्यंत त्या पार तिच्यावर येऊन बसल्या होत्या.

हे मी आधी कुठं पाहिलं होतं? अमेरिकेतल्या एका नातलगाच्या घरी, मोटारीसाठी बांधलेल्या खोलीत. तिथं मोटार बाहेर उभी होती आणि आत दहा-बारा फूट लांबीची लोखंडी चौकट. तिला आडवे रूळ, रुळांवर गुंडाळलेली रजई, आणि चौकटीवरच्या पट्ट्यांवरून चाकांनी घरंगळणारं शिलाई मशीन. सायकलीसारख्या दोन मुठी धरून ती बाई ते मशीन कापडावरून फिरवत होती, पाटीवर पेन्सिल फिरवावी तसं. या यंत्राचं नाव लाँगआर्म, लांब हाताचं मशीन.

घरातल्या साध्या मशीनची अडचण आठवा, म्हणजे हे नाव का पडलं ते कळेल. सुई एका जागी वरखाली होते, खालचे दाते कापड पुढं ढकलतात, आणि सुईपासून मशीनच्या खांबापर्यंत जागा असते जेमतेम सात-आठ इंच. त्यातून झबलं जातं, पोलकं जातं. पलंगभर रजई जात नाही. तिची वळकटी करून त्या फटीत कोंबावी लागते, आणि मग दुसरीकडून ती ओढता ओढता खांदे भरून येतात. लाँगआर्मनं ही फट दीड फुटापासून अडीच फुटांपर्यंत वाढवली आणि मुख्य म्हणजे कामाची रीतच उलटी केली. कापड ताणून स्थिर ठेवलं, सुई फिरती केली. अशी यंत्रं घरोघरी बसू लागली ती गेल्या चाळीसेक वर्षांत. त्याआधी तिकडच्या बायाही लाकडी चौकटीवर रजई ताणून तिच्याभोवती बसून हातानंच शिवत. म्हणजे यंत्रानं नवीन काही शोधलं नाही. चौकटीभोवतीच्या सहा-आठ बायांच्या जागी एक मोटार आणि चार चाकं बसवली, इतकंच. वऱ्हाडात चौकटसुद्धा लागत नाही. जमीन हीच चौकट.

आता शब्दांचं. गोधडीला दुसरं नाव वाकळ. वऱ्हाडी तोंडात ‘ळ’चा ‘य’ होतो आणि ‘ड’चा पुष्कळदा ‘ळ’, त्यामुळं वाकळीची होते वाकय आणि गोधडीची गोधळी. तान्ह्याचं ते दुपटं, नावातच दोन पदर. कापूस भरलेली ती रजई नाहीतर दुलई, आणि ती गोधडी नव्हे. हा फरक इथं फार जपतात, आणि त्यात वऱ्हाडची सगळी गोष्ट आहे असं मला वाटतं.

कारण हा कापसाचा मुलूख. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेलं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर इकडे वळली. १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी अकोल्यावरून नागपूरला पोचली. लिव्हरपूलच्या बाजारात इकडच्या कापसाला ‘उमरा’ म्हणत. उमरा म्हणजे उमरावती, आपलं अमरावती. पुढं मूर्तिजापूरहून एकीकडं यवतमाळ आणि दुसरीकडं दर्यापूर, अंजनगावावरून अचलपूरला जाणारी अरुंद रुळांची गाडी आली, लोक तिला शकुंतला म्हणू लागले, ती मुख्यतः कापसासाठीच. एवढा कापूस दारावरून गेला, आणि घरातल्या गोधडीत त्यातलं एक बोंडही गेलं नाही. गोधडीत जातं ते जुनं लुगडं, फाटकं धोतर, सदऱ्याची पाठ. कापूस विकायचा, त्याचं कापड होऊन परत आलं की ते विकत घ्यायचं, अंगावर विरेपर्यंत वापरायचं आणि मग थरावर थर रचून पांघरायचं. पांढऱ्या सोन्याच्या मुलखातली ऊब अशी फिरून आलेली.

कापूस भरायचं काम पिंजाऱ्याचं. नद्दाफ, मन्सूरी अशी आडनावं लावणारी ही मंडळी खांद्यावर धनुकली घेऊन दिवाळीनंतर गल्लीत येत. धनुकलीच्या तातेवर लाकडी ठोकळा बसला की जो आवाज निघे तो चाळिशीच्या पुढच्या कुणाच्याही कानात अजून असेल. वर्षभर अंगाखाली दबून गोळे झालेला गादीतला कापूस अंगणात भुरभुर उडे आणि पोरं नाकात बोंडं गेल्यासारखी शिंकत. आता पिंजायला यंत्र आहे. अकोल्यात काय, अमरावतीत काय, ‘गादी कारखाना’ अशी पाटी आणि खाली ‘कापूस पिंजून मिळेल’ हे सापडतंच. गादीचा व्यवहार दुकानाचा, किलोवर चालणारा. गोधडीचं वजन कधी कुणी केलं नाही.

थर कसे रचतात ते त्या दुपारी नीट पाहिलं. एका नऊवारीच्या चार घड्या घातल्या की सव्वादोन वारांचे, म्हणजे पावणेसात फुटांचे चार थर होतात. पन्हा चार फुटांच्या आतबाहेर. एका माणसाच्या अंगाचं माप आपोआप निघालं, कात्रीसुद्धा लागली नाही. लुगडं विणणाऱ्यानं हा हिशेब केला नसेल, पण बायांनी तो ओळखला. आत विरलेलं, फाटलेलं, डागाळलेलं सगळं खपतं. वरचा पदर तेवढा धड हवा, आणि आतले तुकडे एकमेकांवर फार चढता कामा नयेत, नाहीतर तिथं उंचवटा होतो आणि रात्रभर टोचतो. जुनी गोधडी झिजली की ती फेकत नाहीत, नवीच्या पोटात घालतात. त्यामुळं आजीचं लुगडं कुठं गेलं असं विचारलं तर उत्तर बहुधा ‘आत आहे’ असं असतं.

वरच्या पदरावर तुकडे जोडायची कला मात्र वऱ्हाडात जेवढ्यास तेवढी. उत्तर कन्नडमधल्या हल्याळ, यल्लापूरकडच्या सिद्दी बायांची कवंदी ही गोधडी पाहिली की आपल्याला जरा ओशाळायला होतं. आफ्रिकेतून शेकडो वर्षांपूर्वी आलेल्यांचे ते वंशज, बोली कोकणी-मराठीच्या अंगानं जाणारी, आणि शिवण आपल्यासारखीच कडेकडून आत येणारी. पण रंगांचं धाडस त्यांचं, आणि चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाच्या त्रिकोणी फुलांचा हट्टही त्यांचाच. आमच्या बायांचा भर टिकण्यावर.

गोधडीला वऱ्हाडनं सजवलं नसेल, पण तिच्या नावानं एका माणसाला हाक मारली. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी परिटाच्या घरी जन्मलेला डेबूजी मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाकडं वाढला. १९०५ मध्ये घर सोडलं आणि पुढं उभा जन्म चिंध्या जोडून केलेल्या वस्त्रात काढला. हातात खराटा, मातीचं गाडगं. गाडगेबाबा हे नाव सगळीकडं गेलं, पण लोक त्यांना गोधडे महाराजही म्हणत. घराण्याचा धंदा दुसऱ्यांचे कपडे धुण्याचा, आणि अंगावर निरनिराळ्या रंगांची ठिगळं. पंढरपूर, नाशिक, मुंबई इथं त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या, म्हणजे परक्या माणसाला पाठ टेकायची सोय केली. २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीपाशी ते गेले. आज अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. तिथल्या किती जणांना गोधडे महाराज हे नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

धुण्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. नवरात्राच्या आधी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या ही रीत अख्ख्या महाराष्ट्राची, पण पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात ती जास्त कष्टाची. विहिरीचं पाणी खारं, साबण फेसच धरत नाही. म्हणून नदीला पाणी असेल तोवर तिकडं धाव. भिजलेली गोधडी एकटीला पेलत नाही, दोघींनी दोन टोकं धरून पिळायची. टाके पक्के नसतील तर आतलं चिंध्यांचं भरण एका कोपऱ्यात गोळा होतं आणि शिवणारीची अब्रू नदीकाठी सगळ्यांसमोर उघडी पडते.

म्हणूनच त्या दुपारी शिवण थांबवून जेव्हा ‘दाखवणं’ सुरू झालं तेव्हा कुणी वरची बाजू पाहिली नाही. बैठक तशी बचत गटाची. पैसे गोळा झाले, वहीत आकडे पडले आणि मग ज्यांनी घरी एकेकटीनं काही शिवलं होतं त्यांनी ते पिशवीतून काढलं. एकीनं दुपटं पसरताच पहिला आवाज आला, “अवं, उलटं करून पाय आधी!” मागची बाजू पाहायची, तळहात फिरवायचा, ओळींमधलं अंतर बोटांनी मोजायचं. चार बोटांपेक्षा जास्त असेल तर नाक मुरडायचं. लाँगआर्मवाल्यांच्या बैठकींतही आपापलं काम आणून उलगडून दाखवायची चाल आहे. पण तिथं यंत्रात एक सोय असते. हात जोरात चालो की हळू, टाक्याची लांबी ती सारखी ठेवते. इथं ती सोय नाही, आणि नाही ते बरंच आहे. आठजणींनी मिळून शिवलेल्या गोधडीत कुठली ओळ कुणाची हे त्यांना न विचारता सांगता येतं. एकीचा टाका तांदळाएवढा, दुसरीचा ज्वारीच्या कणसातून निसटल्यासारखा कुठंही. तिला सगळ्यांनी मिळून मधला भाग दिला होता. कडेला लावायची नाही, असं ठरलेलं दिसलं.

एक दुपटं मशीनवर शिवलेलं होतं. वरून देखणं, पण पुठ्ठ्यासारखं ताठ. सुती लुगडी आता मिळत नाहीत, साड्या सगळ्या सिंथेटिक, थर एकमेकांवरून घसरतात आणि घाम टिपत नाहीत, ही तक्रार प्रत्येकीची. शहरात तुकडे मुबलक मिळतात. अमरावतीजवळ नांदगाव पेठेला मोठा घाऊक कापडबाजार आहे, आणि तिथंच केंद्र सरकारचं नवं वस्त्रोद्योग उद्यान येतंय, सप्टेंबर २०२४ मध्ये त्याची पायाभरणी झाली. पण कापडाचा नवा तुकडा गोधडीला चालत नाही, असं एक म्हातारी ठासून म्हणाली. तो आधी कुणाच्या तरी अंगावर मऊ झालेला पाहिजे. नवं कापड विकत आणून, ते लहान लहान कापून पुन्हा जोडायचं, ही अमेरिकेतली रीत मी सांगितली तेव्हा त्या इतक्या हसल्या की मला विषय बदलावा लागला.

तिथंही सगळेच नवं कापड कापत नव्हते, हे मात्र सांगायला हवं होतं. अलाबामात जीज बेंड नावाची वस्ती आहे. गुलामांना राबवून चालवलेल्या कापसाच्या मळ्यावरची. तिथल्या काळ्या बायांनी नवऱ्यांच्या शेतातल्या विरलेल्या पँटींतून, सदऱ्यांतून रजया शिवल्या, थंडी भागवायला. २००२ मध्ये त्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतींवर लागल्या, २००६ मध्ये टपाल तिकिटांवर आल्या. ज्या यादवीनं वऱ्हाडच्या कापसाला भाव आला, त्याच यादवीनं त्या बायांच्या पणज्यांची गुलामी सुटली. दोन्हीकडं कापूस पिकवणाऱ्यांच्या अंगावर चिंध्याच आल्या.

आमची गोधडी भिंतीवर लागेल का, हे मी त्या बायांना विचारलं नाही. प्रदर्शनात विकता का, एवढंच विचारलं. दुपटी जातात म्हणाल्या, बाळंतपणाच्या घरी. मोठ्या गोधडीला आठ बाया आणि पाच-सहा दुपारी लागतात, त्याचे पैसे लावायचे कसे? लाँगआर्मवाली दुसऱ्याची रजई शिवून देते ती चौरस इंचावर पैसे लावून. ते ऐकल्यावर एकीनं टेप मागवली, गोधडीची लांबी-रुंदी इंचांत मोजली, गुणाकार वहीत करून पाहिला, आणि काही न बोलता वही मिटली.

उन्हं उतरली. गोधडी गुंडाळायच्या आधी सुया परत घ्यायची पद्धत असते. ज्यावर लेकरू निजणार त्यात सुई राहून चालत नाही, म्हणून जेवढ्या दिल्या तेवढ्या मोजून घ्यायच्या. डबीत एकेक पडत गेली.

“सात झाल्या. आठवी कोठी हाये?”

“म्या देल्ली वापस.”

मग आठही जणी पुन्हा गोधडीभोवती बसल्या आणि तळहातांनी तिला चाचपत, कडेपासून आत आत सरकू लागल्या, थेट शिवताना सरकत होत्या तशाच. एक फेरी झाली, दुसरी झाली. बाहेर शेळ्या परत आल्याचा आवाज आला तरी कुणी उठेना. शेवटी दारात उभी असलेली एक पोर म्हणाली, “मावशी, तुह्या पदरालेच तं हाये, पाय!”