धातुशोधक यंत्र आणि आपला कान

धातुशोधक यंत्राचे काम एकट्या यंत्राचे नसते. धातू ओळखते ते यंत्र. पण तो सापडला हे कळते कानाला. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील गोळी शोधण्यासाठी ग्रॅहॅम बेल यांनी असे यंत्र केले, त्याचीही खूण टेलिफोन कानाशी धरूनच ऐकावी लागे.

यंत्र एक, पण कान निरनिराळे. गिरणीच्या मागावर किंवा साखर कारखान्याच्या टर्बाइनपाशी पंचवीस वर्षे काढलेल्या कामगाराचे आधी उंच सूर जातात. सेकंदाला चार हजार कंपनांच्या आसपास हे नुकसान बहुधा सुरू होते. बोललेले ऐकू येते, म्हणून त्याचे त्यालाही ते उमगत नाही. तोच पुढे फाटकावर पहारेकरी होतो आणि यंत्राची बारीक शीळ निसटली की 'लक्ष नाही' म्हणून बोल खातो.

अशा वेळी आवाज नुसता मोठा करणे हा उपाय नव्हे. उरलेला कानही त्याने बिघडतो. सूर खाली आणावा. जमिनीवर फिरवायच्या पुष्कळ यंत्रांत ती सोय असते. पाचशे-सहाशे कंपनांचा सूर अशा कानाला बरा लागतो. हातातल्या लहान यंत्रात सूर बदलत नसेल, तर थरथरीची किंवा दिव्याची खूण वापरावी.

जमिनीवरच्या यंत्राला सतत चालणारा एक मंद सूरही असतो. तो जेमतेम ऐकू येईल इतकाच ठेवावा. फार मोठा ठेवला तर खोल धातूची क्षीण खूण त्यात बुडते. अगदी बंद केला तर ती येतच नाही. हे जुळवणे शांततेत करावे. शांततेची किंमत किल्लारीकरांना आम्ही काय सांगावी? ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर ढिगाऱ्यांशी कान लावणे म्हणजे काय, ते या गावाला ठाऊक आहे.

आपल्याकडच्या काळ्या दगडात लोहयुक्त खनिजे असल्याने यंत्र उगाच कुरकुरते. म्हणून आधी जमिनीशी त्याचा मेळ घालावा, मग एक नाणे वीतभर खोल पुरून त्याची खूण ओळखून घ्यावी. दोन्ही कान सारखे नसतील, तर डावा-उजवा आवाज वेगळा करता येणारा हेडफोन घ्यावा.

गोंगाटाने येणारे बहिरेपण कायद्यानेही धंद्यातला रोग मानले आहे. तेव्हा पहारेकऱ्याच्या हाती यंत्र देण्यापूर्वी त्याचा कान तपासून घ्या, ही मागणी आपण केली पाहिजे. कामगाराला यंत्राजोगा करता येत नाही. यंत्र मात्र त्याच्या कानाजोगे करता येते.