जुन्या पिकअप ट्रकची निवड

जुना पिकअप ट्रक (बोलीभाषेत सेकंडहँड पिकअप) म्हणजे एका किंवा अधिक मालकांनी आधी वापरलेले, चालकाच्या केबिनमागे उघडा हौदा असलेले हलके मालवाहू वाहन होय. भारतात भाजीपाला, दूध व बांधकाम साहित्याच्या स्थानिक वाहतुकीसाठी अशी वाहने वापरली जातात. चालक स्वतःच मालक असल्यास कर्जाचा हप्ता व डिझेलचा खर्च एकाच उत्पन्नातून भागवावा लागतो. त्यामुळे इंजिनाची शक्ती आणि इंधनाची बचत यांचा मेळ निवडीत महत्त्वाचा ठरतो.

शक्ती आणि टॉर्क

इंजिनाची शक्ती अश्वशक्तीत, तर पीळ देण्याची क्षमता, म्हणजेच टॉर्क, न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांच्या गुणाकारातून शक्ती मिळते. भरलेली गाडी घाटात चढवताना कमी फेऱ्यांवर मिळणारा टॉर्क उपयोगी पडतो. मालवाहू वाहनांत डिझेल इंजिन प्रचलित असण्याचे हे एक कारण आहे.

२००५ मध्ये बाजारात आलेल्या आणि ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टाटा एस या वाहनात सुमारे ७०० घनसेंटिमीटर क्षमतेचे, दोन सिलिंडरचे, १६ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. महिंद्रा बोलेरो पिकअपचे चार सिलिंडरचे डिझेल इंजिन सुमारे २,५०० घनसेंटिमीटरचे आहे. पहिले वाहन शहरातील हलक्या फेऱ्यांसाठी, तर दुसरे टनाहून अधिक माल व चढाच्या रस्त्यांसाठी सोयीचे मानले जाते. लहान इंजिनावर सतत जादा भार टाकल्यास इंधनाची अपेक्षित बचत होत नाही व झीजही वाढते.

इंधनाचा हिशेब

एका लीटरमध्ये कापलेल्या अंतराला व्यवहारात ‘ॲव्हरेज’ म्हणतात. ते काढण्यासाठी टाकी पूर्ण भरून नेहमीच्या भारासह गाडी चालवतात, पुन्हा टाकी भरतात आणि कापलेल्या अंतराला दुसऱ्या वेळी भरलेल्या इंधनाने भागतात. मात्र खर्चाची तुलना १०० किलोमीटरला लागणाऱ्या इंधनावरून करणे अधिक अचूक असते. ॲव्हरेज ८ वरून १० झाल्यास १०० किलोमीटरमागे २.५ लीटर वाचतात. १४ वरून १६ झाल्यास केवळ ०.९ लीटर.

तपासणी

इंजिन थंड असताना सुरू करून पाहणे इष्ट असते. धुराचा निळा रंग ऑइल जळत असल्याचे, काळा रंग इंधन अपुरे जळत असल्याचे, तर इंजिन तापल्यावरही टिकणारा दाट पांढरा धूर कूलंट सिलिंडरमध्ये जात असल्याचे सुचवतो. सपाट झालेले पाटे, तसेच चासीवरील तडे व वेल्डिंग ही दीर्घकाळ जादा माल वाहिल्याची लक्षणे असू शकतात. मीटरवरील किलोमीटर कमी, पण पेडलचे रबर गुळगुळीत असल्यास मीटरमध्ये फेरफार झाल्याचा संशय येतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या डिझेल वाहनांत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असल्यास तिचीही स्थिती पाहावी लागते.

कागदपत्रे

मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ व ३०, तर कर्जाचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५ लागतो. मालवाहू वाहनाचे योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी व त्यानंतर दरवर्षी नूतनीकृत करावे लागते. त्यामुळे जुन्या वाहनाच्या किमतीत हा आवर्ती खर्चही धरावा लागतो.