ऑफिसच्या कामासाठी बंगळुरूला जाताय? लाइव्ह लोकेशन असं शेअर करा

बंगळुरूचं विमानतळ देवनहळ्ळीला, शहरापासून जवळपास ३५ किलोमीटर लांब. मीटिंगसाठी रात्रीच्या फ्लाइटने गेलं की पुढचा तासभर कॅबमध्येच जातो. कॅबच्या ॲपमधून ट्रिप शेअर करता येते, पण ट्रिप संपली की ते शेअरिंगही संपतं, आणि रूमपर्यंत पोहोचणं तर बाकीच असतं. म्हणून मी सोबत व्हॉट्सॲपचं लाइव्ह लोकेशनसुद्धा चालू ठेवते.

चॅट उघडा, अटॅचमेंटवर टॅप करा, लोकेशनमध्ये जाऊन 'शेअर लाइव्ह लोकेशन' निवडा. १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे पर्याय दिसतील. मी सरळ ८ तास ठेवते आणि रूमचं दार आतून लावलं की बंद करते. ऑफिसच्या ग्रुपवर मात्र नको हं! रात्री खरंच फोन उचलेल अशा एकाच माणसाला पाठवा. माझ्याकडे हे काम ताईचं.

गाडीचा नंबर जुळल्याशिवाय ओटीपी सांगू नका. 'ट्रिप कॅन्सल करा, कॅश द्या' असं ड्रायव्हर म्हणाला तर बसूच नका, कारण त्यानंतर गाडी कुठे गेली हे ॲपला कळत नाही. अडचण आलीच तर ११२. फोन लॉक असला तरी इमर्जन्सी कॉलमधून हा नंबर लागतो.

लाइव्ह लोकेशन बॅटरी भरपूर खातं. पॉवर बँक हँडबॅगेत ठेवा; चेक-इन बॅगेत ती तशीही चालत नाही.