जुनी पद्मिनी घेताना

जुनी गाडी नव्याने उभी करायची हौस असेल, तर प्रीमियर पद्मिनी नवख्याला बरी. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचे १०८९ सीसीचे इंजिन साधे. ते उघडणारे मिस्त्री अजून सापडतात. खरी डोकेदुखी पत्र्याची. हिला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून मॅटिंग उचलून तळ पाहा, दारांखालच्या पट्टीवर लोहचुंबक फिरवा. चिकटले नाही, तर रंगाखाली लांबीचा जाड थर आहे असे समजा. चकचकीत रंगाला भुलू नये. तो पुष्कळदा विकण्यापुरताच मारलेला असतो. आरसी बुकातले नंबर गाडीवरच्या नंबरांशी ताडून मगच पैसे मोजा. खोलताना प्रत्येक जोडणीचा फोटो काढा. ब्रेकची रबरे आधी बदला. रंगकाम अगदी शेवटी.