मोठा लेथ घेताना

सावंतवाडीच्या चितार आळीत गेलात, की दुकानादुकानांत लाकडाच्या वस्तू मांडलेल्या दिसतात. आंबा, केळे, वांगे, भोवरे, लाटणी, पोळपाट. त्यांतल्या पुष्कळशा गोल वस्तू लेथवर होतात. लाकूड दोन टोकांत धरायचे, फिरवायचे, आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावायची. जास्तीचे लाकूड निघून जाते. राहते ती गोल वस्तू. हे काम करणारा तो कातारी.

जुना कातारी जमिनीवर बसे. एका हातात दोरीची कमान असे, दुसऱ्या हातात पटाशी. पटाशीला आधार पायाच्या बोटांचा. कमान पुढे ओढली की लाकूड एका बाजूला फिरे, मागे नेली की उलट फिरे. म्हणजे निम्माच वेळ काम होई. आता मोटार आली. लाकूड एकाच बाजूला, न थांबता फिरते.

आमच्या पडवीतही असा एक लहान लेथ होता. त्यावर लाटणी, रवी, भोवरे होत. एके दिवशी बाजारातला दुकानदार म्हणाला, "लाटणी पुष्कळ झाली हो. पोळपाट द्या, खाटेचे पाय द्या. कितीही घेतो." घरी येऊन पाहिले, तर पोळपाटाचा तुकडा लेथवर बसेना. आम्ही ठरवले, मोठा लेथ घ्यायचा.

आणि घाईत चुकलो. जुना, भला मोठा लेथ स्वस्तात मिळाला म्हणून उचलून आणला. घरी आल्यावर वायरमन म्हणाला, "दादा, ही तीन फेजची मोटार. तुमच्याकडे वीज एक फेजची." पैसे अडकले. पावसाळाभर लेथ पडवीत पोत्याखाली पडून राहिला. त्याच्या रुळांना गंज चढला. ज्या पैशांत मुलीची फी भरायची होती, त्या पैशांचे लोखंड झाले.

आमची चूक तुम्ही करू नये, म्हणून हा धडा.

आधी काम मोजा, मग यंत्र

मोठा म्हणजे किती मोठा? लेथची मुख्य मापे दोन.

पहिले माप जाडीचे. लेथवर केवढा रुंद तुकडा फिरेल, ते हे माप सांगते. '१० इंची लेथ' म्हणजे १० इंच रुंदीपर्यंतचा तुकडा फिरवणारा. त्याच्या आसाच्या मध्यापासून खालच्या रुळापर्यंत ५ इंच जागा असते. दुकानदार काहीही म्हणो, टेप लावा, मध्यापासून रुळापर्यंत मोजा आणि दुप्पट करा.

आता ९ इंची पोळपाट घ्या. छिलून जाईल म्हणून तुकडा साडेनऊ इंचांचा घेतला. त्याचे चार कोपरे करवतीने कापले, तरी आठ कोन उरतात. एका कोनापासून समोरच्या कोनापर्यंत मोजले, तर जवळजवळ सव्वादहा इंच भरतात. म्हणून १० इंची लेथवर तो अडतो. शिवाय पटाशी टेकवायचा टेकू असतो. त्याची बैठक तुकड्याखाली आली, की आणखी जागा जाते. अशा कामाला १२ इंची लेथ पुरतो. १६ इंची लेथ कशाला हवा?

दुसरे माप लांबीचे. दोन टोकांच्या मध्ये केवढे लांब लाकूड बसेल, ते हे माप. खाटेचा पाय १८ इंचांचा असेल, तर १८ इंचांची जागा पुरत नाही. दोन्ही टोकांना वाया जाणारे लाकूड लागते, मागचे टोक सरकवायला जागा लागते. २४ इंच असले तर बरे.

इथे एक युक्ती आहे. काही लेथना रुळाचा जोडतुकडा मिळतो. तुम्हाला लांबीच कमी पडत असेल, तर जोडतुकडा घ्या. नव्या लेथचा खर्च वाचेल. जाडी मात्र जोडतुकड्याने वाढत नाही.

वजन हे ओझे नव्हे

लाकडाचा ओबडधोबड तुकडा फिरू लागला, की लेथ थरथरतो. लेथ थरथरला की पटाशी थरथरते आणि लाकडावर लाटा उठतात. पोळपाटावर लाटा असल्या तर पोळी कशी लाटणार?

म्हणून लेथ जड हवा. मेजावरचा लहान लेथ ३०-४० किलोचा असतो. १६ इंची ओतीव लोखंडी लेथ दीड-दोनशे किलोपर्यंत जातो. तो माळ्यावर चढवू नका. खाली पक्क्या जमिनीवर बसवा.

विकत घेण्याआधी एक परीक्षा करा. लेथ रिकामा चालू करा. रुपयाचे नाणे रुळावर काठावर उभे करून ठेवा. नाणे उभे राहिले तर लेथ शांत. लगेच पडले तर कुठेतरी खोट आहे. लेथ चांगला पण हलका असेल, तर घोड्याच्या खालच्या फळीवर वाळूची पोती ठेवा. तेवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो.

मोठ्या लाकडाला कमी फेरे

आम्हाला वाटायचे, मोठा लेथ म्हणजे जोरात पळणारा. तसे नाही.

मळणीचे खळे आठवा. मेढीजवळचा बैल सावकाश पावले टाकतो. पातीतला सर्वांत बाहेरचा बैल मात्र धावतो. फेरा दोघांचा एकच, पण बाहेरच्याला वाट जास्त. लाकडाचेही असेच. दीड इंच जाड लाटण्याचा काठ एका फेऱ्यात पावणेपाच इंच चालतो. १० इंची पोळपाटाचा काठ एका फेऱ्यात साडेएकतीस इंच धावतो. मोठे लाकूड जोरात फिरवले, तर ते फुटून तोंडावर येऊ शकते.

कातारी लोक एक ठोकताळा वापरतात. तुकड्याची रुंदी इंचांत घ्या. तिला मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणा. उत्तर ६ हजार ते ९ हजार यांच्या दरम्यान यावे. १० इंचांच्या तुकड्याला ६०० ते ९०० फेरे. १२ इंचांच्या तुकड्याला ५०० ते ७५०. हे गोल झालेल्या लाकडाचे. तुकडा ओबडधोबड असेल तेव्हा याहून कमी. सुरुवात नेहमी सर्वांत कमी वेगाने करावी.

म्हणून दुकानात 'जास्तीत जास्त वेग किती?' हे नंतर विचारा. आधी विचारा, 'कमीत कमी वेग किती?' सर्वांत कमी वेग ७०० असेल, तर तो लेथ मोठ्या ओबडधोबड तुकड्याच्या कामाचा नाही.

वेग पुलीने बदलतो. मोटार मिनिटाला १४४० फेरे घेते असे धरा. मोटारीची पुली ३ इंची आणि लेथची ६ इंची असेल, तर लेथ ७२० फेरे घेईल. काही नव्या लेथना बटण फिरवून वेग कमीजास्त करता येतो. तिथेही पुलीचे दोन-तीन टप्पे असावेत. नुसत्या बटणाने वेग उतरवला, तर मोटारीचा जोरही उतरतो. पट्टा मोठ्या पुलीवर घेतला, तर जोर टिकतो.

वीज घरात कोणती आहे?

लहान लेथला अर्ध्या अश्वशक्तीची मोटार चालते. १२ इंचीला एक अश्वशक्ती बरी. १६ इंचीला दीड ते दोन लागते. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॉट. चालू होताना मोटार काही क्षण कितीतरी पट जास्त वीज ओढते. त्यामुळे पंख्या-दिव्याच्या सॉकेटवर ती लावू नये. वायरमनकडून वेगळी जाड वायर, १६ अँपिअरचा सॉकेट आणि पक्के अर्थिंग करून घ्यावे.

घरात एक फेज असेल, तर एक फेजचीच मोटार घ्या. तीन फेजची मोटार एक फेजवर चालवणारे विजेचे उपकरण मिळते. पण त्याचा खर्च आधी विचारून घ्या. आम्ही शेवटी तेच बसवले आणि स्वस्ताई तिथे संपली. शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवू नका. ती वीज शेतीसाठी दिलेली असते. दुसऱ्या कामाला वापरली तर दंड होतो.

जुना लेथ घेताना

जुने घेण्यात कमीपणा नाही. पण पारखून घ्या.

लेथ बंद करा, पट्टा काढा आणि आस हाताने फिरवा. खरखर लागली तर बेअरिंग गेले. आस वरखाली हलवून पाहा. हलला तर तेही वाईटच. मग मागचे टोक पुढे सरकवा. दोन्ही टोकांचे काटे समोरासमोर अगदी भिडले पाहिजेत. एक वर, एक खाली असेल तर लेथ वाकडा आहे. टेकूवर खाचा असतील तर चिंता नको. त्या कानशीने जातात.

आसाचे आटेही पाहा. काहींचा आस १ इंच जाड असतो आणि त्याला इंचात ८ आटे असतात. काहींचा ३३ मिलिमीटरचा असतो. जुन्या लेथची तबकडी आणि चक नव्या आसावर बसले, तर तेवढे पैसे वाचले.

हिशेब घरच्यांसह करा

समजा, लेथ ६० हजारांचा आहे. एका पोळपाटामागे लाकूड, वीज वजा जाता ४० रुपये सुटतात. मग १५०० पोळपाट विकले की लेथची किंमत निघाली. आठवड्याला २० खपले, तर ७५ आठवडे लागतील. म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. एवढा खप आहे का? दुकानदाराला आधी विचारा. 'कितीही घेतो' हा आकडा नव्हे. आठवड्याला किती, हे त्याच्याकडून वदवून घ्या.

२०२३ साली केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. १८ पारंपरिक धंद्यांसाठी ती आहे. त्यांत सुतार आहेत आणि खेळणी करणारेही आहेत. पहिले कर्ज एक लाखापर्यंत, ५ टक्के व्याजाने, १८ महिन्यांत फेडायचे, अशी तिची रचना आहे. पण १८ महिने म्हणजे ७८ आठवडे. वरचा हिशेब पाहा. व्याज धरले की सारे काठोकाठ येते. एक महिना काम थांबले, तर हप्ता घरखर्चातून जाईल. सावकार असो वा बँक, सही करण्याआधी कागद स्वतः वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

जीव आधी, लेथ मागून

मोठ्या लेथचा जोर मोठा असतो. कापड अडकले तर तो थांबत नाही. धोतराचा सोगा खोचा. पदर, ओढणी, मफलर, लोंबते केस बांधून घ्या. हातमोजे घालू नका, ते हाताला ओढून नेतात. तोंडावर पारदर्शक ढाल लावा. नाकावर फडके बांधा. लेथ चालू करताना तुकड्याच्या समोर उभे राहू नका, बाजूला राहा. लहान मुलांना पडवीत येऊ देऊ नका. आणि पावसाळ्यात काम झाले की रुळांवर तेलाचा बोळा फिरवा.

आमचा लेथ आता चालतो. पोळपाट होतात, पाय होतात. पण जे शहाणपण आम्हाला एक पावसाळा आणि एक फी घालवून आले, ते तुम्हाला या चार पानांत मिळाले.

लक्षात ठेवा

१. आधी वस्तू मोजा, मग लेथ मोजा.
२. कमीत कमी वेग विचारा.
३. घरची वीज आणि मोटार जुळते का पाहा.
४. आठवड्याचा खप ठरल्याशिवाय कर्ज काढू नका.

करून पाहा

१. तुमच्या घरचा पोळपाट मोजा. तो करायला किती इंची लेथ लागेल?
२. ८ इंचांच्या गोल तुकड्याला मिनिटाला किती फेरे द्याल?