हरवलेले शब्द परत येतात

डोक्याला मार लागलेलं माणूस रुग्णालयातून घरी आलं, की वाटतं, सुटलो एकदाचे! पण भगिनींनो, खरी मेहनत तिथून पुढेच असते.

अमेरिकेतल्या लोकप्रतिनिधी गॅब्रिएल गिफर्ड्स यांच्या डोक्यात ८ जानेवारी २०११ रोजी गोळी लागली. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली. बहुतेकांच्या बोलण्याचा कारभार याच बाजूकडे असतो. त्यांची वाचा गेली, उजवा हात-पाय लुळा पडला. शब्द ओठावर येईना. गाण्यातले मात्र यायचे! कारण सुरांचं काम मेंदूची उजवी बाजूही करते. मग गाण्याच्या वाटेनेच बोलण्याचा सराव सुरू झाला. १ ऑगस्टला त्या सभागृहात मतदानाला आल्या. बोलणं पूर्ववत झालं नाही. पण अडखळत का होईना, पुढे त्यांनी जाहीर भाषणं केली.

मेलेल्या पेशी परत येत नाहीत. पण एकच कृती रोज केली, की उरलेला मेंदू ते काम नव्याने शिकू लागतो. म्हणून घरच्यांनी एवढं सांभाळावं :

शब्द अडला तर वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. एका वेळी एकच गोष्ट सांगा. तेव्हा टीव्ही बंद असावा. मटार सोलणं, कपड्यांच्या घड्या घालणं त्यांनाच करू द्या. दमले की विश्रांती. चिडचिड मनाला लावून घेऊ नका, तीही इजेचाच भाग असते. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या, फीट किंवा गुंगी आली, तर मात्र तडक डॉक्टरांकडे न्या.

सुधारणा मुंगीच्या पावलांनी होते. मायेपोटी सगळं हातात दिलंत, तर ती तिथेच थांबते.